आजेसासूबाईंचे चरित्र लिहिताना : इटालियन-अमेरिकन नोन्नाच्या आठवणी कशा जमवाव्यात

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या भागांतल्या मराठी कुटुंबांमध्ये इटालियन-अमेरिकन सून किंवा जावई असणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि अशा घरातली नव्वदी ओलांडलेली आजी गेली की तिच्याविषयी काही लिहिण्याचे काम पुष्कळदा मराठी सुनेकडे किंवा जावयाकडे येते. त्यात गैर काही नाही. घरच्यांना जे सवयीने दिसेनासे झालेले असते ते बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेत भरते. रविवारी भर दुपारी वीस माणसे एका टेबलाशी का जमतात, हा प्रश्न त्या घरात जन्मलेल्याला पडतच नाही. माझ्या आजेसासूबाई, म्हणजे आमच्या घरातल्या सर्वांची नोन्ना (इटालियनमध्ये आजी), न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराच्या फर्स्ट वॉर्ड या जुन्या इटालियन वस्तीत वाढल्या. त्यांचे चरित्र लिहिताना जी रीत उपयोगी पडली ती येथे मांडली आहे.

उदार बाईचे चरित्र लिहिण्यात एक खास अडचण असते. तिच्या हातून जे दिले गेले त्याची नोंद बहुधा कोठेच नसते, कारण देणारी ते बोलून दाखवत नाही आणि सरकारी कागद घरातल्या पुरुषाच्या नावाने तयार झालेले असतात. मग लिहिणारा ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘सढळ हाताची’ अशा विशेषणांवर वेळ मारून नेतो आणि तो मजकूर कोणत्याही आजीला लागू पडतो. त्यासाठी कामाचे दोन भाग करावेत : तारखा, गावे आणि पैशांची परिस्थिती कागदांवरून घ्यावी, औदार्य मात्र ज्यांना मिळाले त्यांच्याकडूनच गोळा करावे.

पहिल्या दोन दिवसांतला मजकूर

मृत्यूनंतर काही तासांतच फ्युनरल होमकडून, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडून, मृत्युलेखाची विचारणा होते. हा मजकूर लहान ठेवावा. त्यात पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता आणि आईचे माहेरचे आडनाव देऊ नये, कारण बँकेत ओळख पटवण्यासाठी हीच माहिती विचारली जाते आणि अंत्यविधीच्या वेळी घर रिकामे असल्याची जाहिरातही त्यातून होते. जन्माचे वर्ष, वस्ती, पॅरिश (वस्तीतले चर्च आणि त्याची मंडळी), कामाचे ठिकाण आणि नातेवाइकांची नावे एवढे पुरे. नावांच्या यादीत आधी वारलेल्या भावंडांचा उल्लेख विसरू नये. इटालियन-अमेरिकन घरांत त्यावरून वर्षानुवर्षे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे आहेत.

चर्चमध्ये बोलायचे असेल तर धर्मगुरूंना आधी विचारावे. कॅथलिक विधीनुसार अंत्यसंस्काराच्या मिस्सामधले (चर्चमधल्या मुख्य उपासनेतले) प्रवचन हे मृताच्या गौरवाचे भाषण असू नये. मात्र कम्युनियननंतर, म्हणजे मिस्सामधल्या पवित्र भाकरीच्या वाटपानंतर, अंतिम निरोपाच्या प्रार्थनेपूर्वी, कुटुंबातील एखाद्याने थोडक्यात आठवण सांगण्याची सोय विधीत आहे. ती परवानगी मिळते की नाही आणि किती मिनिटांची मिळते, हे धर्मप्रांतागणिक आणि पॅरिशगणिक बदलते. नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नये. आदल्या दिवशी फ्युनरल होममध्ये पार्थिवाजवळ लोक जमतात, त्या वेळी किंवा दफनानंतरच्या जेवणात बोलता येते, आणि माझ्या मते तीच जागा अधिक योग्य असते, कारण तेथे ऐकणारे मध्येच बोलून तुमचे चुकलेले दुरुस्त करतात. या जेवणाला कोण आले, कोण किती लांबून आले, कोणाला कोणीच ओळखत नव्हते, याची यादी एखाद्या तरुण नातवंडाला करायला सांगावी. पुढच्या कामाचा पाया ती यादीच असते.

घर आवरण्याआधी

घर लवकर विकायचे असते, म्हणून मुले-मुली आवराआवरीची घाई करतात. त्यांना एक आठवडा थांबवावे आणि प्रत्येक कपाट, खण व भिंत जशी आहे तशी फोटोत घ्यावी. वस्तू एकमेकींशेजारी ज्या क्रमाने ठेवलेल्या असतात त्यालाही अर्थ असतो. पेट्या भरल्या की तो कायमचा जातो. तळघरात दुसरे स्वयंपाकघर असेल तर तेथून सुरुवात करावी. वरचे चकचकीत आणि खालचे रोजच्या राबत्याचे, अशी दोन स्वयंपाकघरे जुन्या इटालियन-अमेरिकन घरांत सर्रास आढळतात, आणि खरी भांडी खालच्या मजल्यावर असतात.

टाकून देण्यासारख्या दिसणाऱ्या काही वस्तू सर्वांत मोलाच्या ठरतात. पहिली म्हणजे प्रार्थनेची छोटी कार्डे. प्रत्येक अंत्यविधीला एका बाजूला संताचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला मृताचे नाव, तारखा व प्रार्थना छापलेले कार्ड वाटले जाते, आणि त्या पिढीच्या बायका ती प्रार्थनापुस्तकात किंवा खणात जपून ठेवतात. ती तारखेनुसार लावली की नोन्ना कोणाकोणाच्या शेवटच्या भेटीला गेली होती हे वर्षानुक्रमे दिसते. शिवाय नातेवाइकांच्या मृत्यूच्या तारखाही आपसूक मिळतात.

दुसरी वस्तू म्हणजे पाकिटांची वही. लग्न, बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन आणि मृत्यू या प्रसंगी रोख रक्कम पाकिटात घालून देण्याची प्रथा या समाजात पक्की आहे, आणि कोणी किती दिले याची नोंद अनेक घरांत ठेवली जाते. आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ही वही वाचताना मात्र सावध राहावे. पाकीट ही परतफेडीची रीत आहे. घेतले म्हणून दिले, दिले म्हणून घेतले. त्यामुळे नोंदी दोन रकान्यांत मांडाव्यात, एका बाजूला आलेले आणि दुसऱ्या बाजूला गेलेले, आणि ज्या नावांपुढे फक्त गेलेले आहे, परत काही आलेले नाही, त्या नावांवर खूण करावी. औदार्य तेथे सापडते. वही नसेल तर चेकबुकाची अर्धी पाने, नाताळच्या शुभेच्छापत्रांची यादी आणि खाडाखोड केलेली पत्त्यांची डायरी यांवरूनही असाच अंदाज घेता येतो.

अंगणात अंजिराचे झाड असेल तर घर विकण्यापूर्वी त्याची व्यवस्था करावी. दक्षिण इटलीतून आलेल्यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या थंडीत ही झाडे गोणपाट, जुने गालिचे व ताडपत्री गुंडाळून आणि डोक्यावर बादली उपडी घालून, किंवा वाकवून चक्क मातीत पुरून, जगवली. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाने फुटण्याआधी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आठ-दहा इंचांच्या फांद्या कापून ओलसर मातीत लावल्या तर त्यांना मुळे धरतात. फांदी लावण्याआधी शेजारीपाजारी विचारून घ्यावे, कारण नोन्नाने ती पूर्वीच कोणाकोणाला दिलेली असण्याची शक्यता फार आहे. आमच्या बाबतीत तीन गल्ल्यांपलीकडच्या एका अनोळखी गृहस्थांच्या अंगणातले झाड तिच्याच झाडाचे निघाले, आणि त्या गृहस्थांनी तिच्याविषयी जे सांगितले ते तिच्या मुलांनाही माहीत नव्हते.

कागद काय सांगतात

इटालियन-अमेरिकन कुटुंबांची मुळे बहुतांशी १८८० ते १९२४ या काळातल्या स्थलांतरात आहेत. त्या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले. त्यांतले बहुसंख्य सिसिली, कालाब्रिया, कांपानिया, बासिलिकाता, आब्रुत्सो व पूलिया या दक्षिणेकडच्या गरीब प्रदेशांतले होते. १९२४च्या कायद्याने इटलीतून येऊ देण्याच्या लोकांचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणला आणि हा ओघ आटला. त्यामुळे आज नव्वदीच्या आसपास असलेली नोन्ना बहुधा अमेरिकेतच जन्मलेली असते आणि स्थलांतर तिच्या आईवडिलांचे असते. १९६५च्या कायद्याने कोटा गेल्यानंतर आलेल्या आजींची गोष्ट वेगळी. आपली नोन्ना यांपैकी कोणती, हे आधी ठरवावे.

न्यूयॉर्क बंदरातले एलिस आयलंड हे स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी उघडले आणि नोव्हेंबर १९५४मध्ये बंद झाले. तेथून आलेल्यांच्या प्रवासी याद्या आज संगणकावर विनामूल्य शोधता येतात. शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : इटलीत विवाहित स्त्री कागदोपत्री माहेरचेच आडनाव लावते, म्हणून नोन्नाची आई जहाजाच्या यादीत नवऱ्याच्या आडनावाखाली सापडत नाही आणि मुले मात्र बापाच्या आडनावाने नोंदलेली असतात. ‘आमचे आडनाव एलिस आयलंडवरच्या कारकुनाने बदलले’ ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. ती आदराने लिहून घ्यावी, पण तथ्य म्हणून छापू नये. याद्या जहाज कंपन्यांनी निघण्याच्या बंदरावरच केलेल्या असत आणि एलिस आयलंडवर दुभाषे नेमलेले होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला ग्वार्दिया तरुणपणी तेथे दुभाषाचेच काम करत होते. आडनावे बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात आणि नागरिकत्वाच्या अर्जावर.

यादीचे दुसरे पानही उघडून पाहावे. १९०७च्या सुमारापासून यादी दोन पानांवर पसरलेली असते, आणि भाडे कोणी भरले, हातात किती डॉलर होते, कोणाकडे उतरणार, मागे राहिलेला जवळचा नातेवाईक कोण, ही माहिती त्यात मिळते. एखाद्या भावाने चार भावंडांचे भाडे भरलेले दिसले, तर घरातल्या देण्याच्या परंपरेची सुरुवात नोन्नाच्या जन्माआधीची आहे हे कळते.

जनगणनेची मूळ पाने ७२ वर्षांनी खुली होतात. १९५०ची पाने १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. मी १९४०च्या पानांवर अधिक वेळ घालवण्याचा सल्ला देईन. त्या वर्षी पहिल्यांदा वार्षिक वेतन विचारले गेले, आणि माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या नावापुढे वर्तुळात फुली मारलेली असते, त्यामुळे दारावर आलेल्या सरकारी माणसाशी घरातले कोण बोलले हेही समजते. घरात ‘भाडेकरू’ म्हणून नोंदलेली परकी नावे दिसली तर त्यांचे जेवण कोण करत होते आणि कपडे कोण धूत होते, हे स्वतःला विचारावे. वेतनाच्या रकान्यात त्या बाईपुढे बहुधा शून्य लिहिलेले असते. १९०० आणि १९१०च्या गणनेत विवाहित स्त्रीला किती मुले झाली आणि किती हयात आहेत, असे दोन आकडे विचारलेले आहेत. नोन्नाच्या आजीपुढचे हे दोन आकडे पाहिल्यावर घरातल्या काही मौनांचे कारण सापडते.

नागरिकत्वाचे कागदही असेच सावधपणे वाचावे लागतात. सप्टेंबर १९२२पर्यंत पत्नीचे नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वावरून ठरत असे, इतके की १९०७पासून तोवर अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रीनेही परदेशी पुरुषाशी लग्न केले तर ती अमेरिकन नागरिक राहत नसे. १९४०मध्ये चौदा वर्षांवरील सर्व परदेशी रहिवाशांना नोंदणी सक्तीची झाली, आणि युद्ध सुरू झाल्यावर नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. त्यांच्या प्रवासावर बंधने आली, शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरे जमा करावे लागले. १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, कोलंबस दिनी, हा शिक्का उठवल्याची घोषणा झाली. पण ‘बाहेर इटालियन बोलू नका’ हा धाक घरांत राहिला. नोन्ना आपल्या मुलांशी इंग्रजीतच का बोलली, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या महिन्यांत असते. तिच्या आईची नोंदणीची फाईल सरकारकडून मागवता येते. स्वतः नोन्नाने सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी, भरलेल्या मूळ अर्जाची प्रतही मागवावी, कारण त्यात आईवडिलांची पूर्ण नावे तिच्याच हाताने लिहिलेली असू शकतात.

गावाचे नाव मिळवणे हे या शोधातले सर्वांत चिवट काम आहे. घरात सगळे ‘नापोली’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ शहर, प्रांत किंवा नुसते जहाजाचे बंदर असा काहीही असू शकतो. लग्नाची चर्चमधली नोंद, वडिलांचे सैन्यभरतीचे कार्ड, थडग्यावरचा मजकूर आणि वडील ज्या परस्परसाहाय्य मंडळाचे सभासद होते त्याचे नाव तपासावे. ही मंडळे बहुधा गावाच्या रक्षक संताच्या नावाने चालत. नेमके गाव कळले की इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर जन्म, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या विनामूल्य पाहता येतात. नेपल्सच्या जुन्या राज्यातल्या नोंदी १८०९पर्यंत आणि सिसिलीतल्या १८२०पर्यंत मागे जातात. जन्माच्या नोंदीच्या समासात पुढे झालेल्या लग्नाचा उल्लेख अनेकदा असतो. भावंडांची नावे पाहून आजी-आजोबांचाही अंदाज बांधता येतो, कारण पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची रीत दक्षिणेत कसोशीने पाळली जाई.

वस्तीच नाहीशी झाली असेल तर नकाशांकडे वळावे. न्यूअर्कच्या फर्स्ट वॉर्डचा मोठा भाग १९५०च्या दशकात सरकारी गृहप्रकल्पासाठी पाडला गेला. सेंट लूसीचे चर्च उरले आणि ऑक्टोबरातला संत जेरार्डचा उत्सव तेथे आजही भरतो. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयातल्या सॅनबोर्न विमा नकाशांवर अशा पाडलेल्या गल्ल्यांतली एकेक इमारत काढलेली सापडते. आजी न्यूयॉर्क शहरातली असेल तर काम आणखी सोपे आहे, कारण १९३९ ते १९४१ या काळात करआकारणीसाठी शहरातल्या इमारतींची छायाचित्रे घेतली गेली आणि ती महानगरपालिकेच्या अभिलेखागाराने संगणकावर खुली केली आहेत.

माणसांकडे जाणे

सख्खी मुले हे सर्वांत कमजोर साक्षीदार असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दुःखात असतात आणि त्यांचे जुने हिशेबही मिटलेले नसतात. सुना, जावई, शेजारी, खाटीक, केस कापणारी बाई, पॅरिशमधल्या जपमाळ मंडळातल्या मैत्रिणी आणि शेवटच्या काळात घरी येणारी सेविका यांच्याकडे आधी जावे. कपडे शिवण्याच्या कारखान्यात नोन्नाने काम केले असेल तर तेथली एखादी सोबतीण हयात आहे का, याची चौकशी करावी. न्यू जर्सी व न्यूयॉर्कच्या इटालियन बायकांची एक पूर्ण पिढी नगावर मजुरी घेत शिलाई यंत्रापुढे बसली, आणि नोन्नाच्या पाकिटातला पैसा बहुतेक वेळा तेथूनच आलेला असतो. त्या बायकांच्या ‘इंटरनॅशनल लेडीज गार्मेंट वर्कर्स युनियन’ या कामगार संघटनेचे कागद कॉर्नेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेले आहेत.

‘त्या कशा होत्या?’ असा प्रश्न विचारला की ‘देवमाणूस’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारावे : त्यांनी तुम्हाला शेवटचे काय दिले? ते हातात दिले, पाकिटात दिले, की निघताना तुमच्या कोटाच्या खिशात कोंबले? तुम्ही नको म्हणालात तेव्हा काय झाले? त्या कोणाकडून काही घेत असत का? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न, जो थोड्या वेळाने विचारावा : त्यांनी कोणाला कधी नाही म्हटले? औदार्याला प्रत्येकाचे स्वतःचे नियम असतात आणि ते नकारातून स्पष्ट होतात. आमची नोन्ना दारात आलेल्या कोणालाही जेवू घालत असे, पण पैसे उसने देत नसे; द्यायचे तर देऊनच टाकावेत, परतीची वाट पाहत बसू नये, असा तिचा दंडक होता. ही एक गोष्ट कळल्यावर वहीतल्या कितीतरी नोंदींचा उलगडा झाला.

मराठी नातेवाइकांनाही विचारायला विसरू नये. लग्नासाठी किंवा बाळंतपणासाठी पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील तिच्या घरी जेवलेले असतात, आणि भाषा समजत नसल्यामुळे त्यांनी तिचे हात, ताट वाढण्याची रीत आणि घाई नीट पाहिलेली असते. माझ्या आईला मांसाहार चालत नाही हे कळल्यावर नोन्नाने टोमॅटोचा सॉस मांसाविना वेगळ्या पातेल्यात केला आणि घरच्यांना त्या पातेल्यात डाव बुडवू दिला नाही, हे मला आईनेच सांगितले. टेबलाशी बसलेल्या बाकी कोणाच्याही ते लक्षात नव्हते.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो, पण तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, टीव्ही आणि एअर कंडिशनर बंद करावेत, आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण व नाव मोठ्याने बोलून घ्यावे. जुनी माणसे मध्येच गावाकडच्या बोलीत शिरतात. रिकोट्टा या चीजचे ‘रिगॉट’ होते, मॉत्सारेल्ला चीजचे ‘मुत्साडेल’ होते. कानावर पडेल तसेच लिहावे. पाठ्यपुस्तकातले इटालियन शिकलेला एखादा नातू ते सुधारू पाहतो, त्याला थांबवावे. दक्षिणेकडच्या बोलींत शेवटचे स्वर गळतात आणि व्यंजने मऊ होतात, तो दोष नव्हे. मदत मिळालेल्या माणसाला नाव छापलेले चालेल का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. कोणाचे थकलेले घरभाडे भरले हे सांगताना त्याचे नाव गाळले तरी गोष्ट उणी होत नाही.

पत्रांची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोन्नाच्या खणात सापडतात ती तिला आलेली पत्रे. तिने किंवा तिच्या आईने लिहिलेली पत्रे इटलीतल्या चुलत नातेवाइकांच्या कपाटात असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कुटुंबांनी गावाकडे कपडे, कॉफी आणि पत्रात दडवलेले डॉलर पाठवले, आणि एप्रिल १९४८च्या इटालियन निवडणुकीआधी कम्युनिस्टांना मत देऊ नका असे सांगणारी पत्रेही मोठ्या संख्येने गेली. गावच्या नातेवाइकांना चार सोप्या ओळींचे इटालियन पत्र पाठवावे आणि सोबत एक जुना फोटो जोडावा. फोटो पाहिला की उत्तर येण्याची शक्यता वाढते.

पाककृती लिहून घेणे

नोन्नाच्या पाककृती लिहिताना दोन मोह टाळावेत. पहिला, ‘खऱ्या इटालियन’ पुस्तकाशी ताडून त्या दुरुस्त करण्याचा. स्पॅगेटीवर मांसाचे गोळे घालून वाढणे ही अमेरिकेतली घडण आहे. इटलीत ते गोळे बहुधा वेगळे वाढतात. नाताळच्या आदल्या रात्रीचे सात माशांचे जेवणही त्या नावाने आणि त्या संख्येने अमेरिकेतच रूढ झाले. चरित्र तिचे आहे, म्हणून पदार्थही तिचेच लिहावेत. दुसरा मोह चमच्या-कपांच्या मापांचा. तिने कपाने काही मोजलेलेच नसते. तिच्याबरोबर राबलेल्या मुलीला किंवा बहिणीला स्वयंपाकघरात उभे करावे, मूठ-चिमूट वजनकाट्यावर रिकामी करायला लावावी, आणि तो आकडा ग्रॅममध्ये टिपावा. ‘एक डबा टोमॅटो’ म्हणजे बहुधा २८ औंसांचा, म्हणजे ७९४ ग्रॅमचा मोठा डबा असतो. ‘मोठी वाटी’ म्हणजे कोणती वाटी, हे तिच्या कपाटातली वाटी पाण्याने मोजून ठरवावे.

रविवारच्या सॉसची कृती लिहिताना वेळापत्रक लिहावे : किती वाजता डुकराची हाडे आणि मांसाच्या गुंडाळ्या परतायला घेतल्या, मिस्साला जाताना आच कोणी सांभाळली, पावाचा तुकडा बुडवून चव पाहण्याची परवानगी कोणाला होती. त्यापुढे पदार्थ कोणाकडे पोचत असे तेही लिहावे. नाताळच्या बिस्किटांची ताटे कोणाकोणाला जात, आब्रुत्सोच्या पिझेल्ले किंवा नेपल्सचे स्त्रुफोली कोणाच्या वाट्याला किती येत, ताटे परत करताना ती रिकामी येत की भरून, ही माहिती कृतीच्या खालीच यावी. हस्ताक्षरातली कार्डे डागांसकट स्कॅन करावीत. कोणत्या कार्डावर सर्वाधिक डाग आहेत हीसुद्धा माहितीच आहे.

लिहिताना

सर्व साहित्य जमल्यावर आधी एका पानावर कोरडा कालपट मांडावा : वर्ष, ठिकाण, घटना आणि ती कशावरून कळली. हे पान पुस्तकाच्या शेवटी ठेवावे, म्हणजे मुख्य मजकुरात जन्मापासून मृत्यूपर्यंत पायरीपायरीने चालण्याची सक्ती उरत नाही. मुख्य मजकूर ज्यांना मिळाले त्यांच्यानुसार बांधावा. गावाकडचे लोक, भाडेकरू, कारखान्यातल्या सोबतिणी, पॅरिश, शेजार, सुना-जावई आणि नातवंडे असे भाग सहज पडतात, आणि प्रत्येक भागात ती थोडी वेगळी दिसते. सगळे भाग सारख्या लांबीचे करण्याचा हट्ट धरू नये. नातवंडांचा भाग आपोआप फुगतो, तो कापावा, आणि कारखान्याचा भाग माहितीअभावी आखूड राहतो, तो तसाच राहू द्यावा.

विशेषण लिहावेसे वाटेल तेथे प्रसंग आहे का ते पाहावे. नसेल तर विशेषणही काढून टाकावे. एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर सांगणाऱ्याच्या नात्याचा उल्लेख करून दोन्ही द्याव्यात. तिचा तिखटपणा, रुसवे, एखाद्या भावाशी मोडलेले संबंध आणि एखाद्या सुनेवर केलेला अन्याय झाकू नये, पण त्यांवर निवाडाही देऊ नये. चित्रपटांतून आलेली हातवारे करत ‘खा, खा’ म्हणणारी आजी मात्र मजकुरात शिरू देऊ नये. आपल्या नोन्नाने एखाद्याला नेमके काय खायला घातले आणि त्या आठवड्यात घरात किती पैसे होते, हे लिहिता आले तर त्या बाहुलीची गरज राहत नाही.

भाषेविषयी माझा सल्ला असा, की मूळ मजकूर इंग्रजीत लिहावा, कारण तो वाचणारे बहुतेक नातेवाईक तीच भाषा वाचतात. मराठी आवृत्ती स्वतंत्रपणे लिहावी आणि तिच्यात मराठी आजी-आजोबांच्या आठवणींना अधिक जागा द्यावी. ज्या नातवंडांची एक पणजी अवेल्लीनोची आणि दुसरी सातारची आहे, त्यांना पुढे दोन्ही आवृत्त्या लागतील.

प्रती आणि जपणूक

फोटो कमीत कमी ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत, पाठीमागचा मजकूरही स्कॅन करावा, आणि चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून ते ओढून काढण्याऐवजी पानासकट स्कॅन करावेत. मूळ फोटोंवर पेनने लिहू नये. मागे मऊ पेन्सिलीने हलके लिहावे. कागद लॅमिनेट करू नयेत. फाईलींच्या निदान तीन प्रती वेगवेगळ्या घरांत असाव्यात आणि त्यांतली एक इटलीतल्या नातेवाइकांकडे असावी.

छापील प्रतींसाठी वर्षश्राद्धासारख्या प्रसंगाची मुदत घालून घेणे सोयीचे पडते. पहिल्या स्मृतिदिनी तिच्या नावाने मिस्सा होते आणि त्या दिवशी सगळे पुन्हा एकत्र येतात. त्याच्या दोन महिने आधी मजकूर चार जणांना वाचायला द्यावा, त्यांत एक तरी माणूस तिच्यावर रागावलेला असावा. एक प्रत वस्तीच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागाला द्यावी, कारण पाडलेल्या वस्त्यांचा इतिहास तेथे अशाच कौटुंबिक पुस्तकांमधून उभा राहिलेला असतो. ध्वनिमुद्रणे मोठी आणि चांगल्या दर्जाची असतील तर मिनेसोटा विद्यापीठाचे स्थलांतर-इतिहासाचे अभिलेखागार किंवा न्यूयॉर्कमधली कलांद्रा ही इटालियन-अमेरिकन संशोधन संस्था यांना पत्र लिहून विचारावे. देण्यापूर्वी बोलणाऱ्यांची लेखी संमती मात्र घ्यावी. आणि पहिल्या यादीतली, जेवणाला आलेली पण कोणीच न ओळखलेली माणसे अजून शोधायची राहिली असतील, तर पुस्तक छापायला देण्याआधी त्यांना फोन करावा.